रुमालाखाली ठरलेली बंदूक

उन्हाळ्यात सांगलीला आमच्या घरी अंघोळीचं पाणी पिवळं वाहायचं. आण्णा, म्हणजे माझे वडील, हळदीच्या बाजारात एका अडत्याच्या पेढीवर गिऱ्हाइकाला माल दाखवायचं काम करायचे. हंगामात संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांपासून पायाच्या नखांपर्यंत हळद झालेले असायचे. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, तरी माझ्या शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर पिवळी झाक उतरायचीच. वर्गातली पोरं मला नवरदेव म्हणायची आणि त्यावरून मी मारामाऱ्या करायचो. राग माझ्या नाकावर तेव्हाही होता. घर दोन खोल्यांचं. भिंतीपलीकडे गोदाम, त्यामुळे दिवसभर पोती आपटल्याचा धप्प आवाज, हमालांच्या हाका, आणि मधूनच हळकुंड मोडल्याचा कट्कन आवाज. आण्णा त्या आवाजावरून माल ओळखायचे. नीट वाळलेलं हळकुंड वाजतं, ओलसर नुसतंच चिवटपणे तुटतं. जेवताना आईने पापड मोडला तरी त्यांची मान तिकडे वळायची. ताटात बहुधा ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, थंडीत हुलग्याचं माडगं. रविवारी आई मोठ्या पातेल्यात भडंग करायची, लसूण अगदी लाल होईपर्यंत तळून, आणि तेवढा एक दिवस आमच्या घराला हळदीशिवाय दुसरा वास असायचा.

आण्णांच्या खांद्यावर कायम एक मोठा रुमाल असे. बाजारात उघडे लिलाव कधीच सुरू झाले होते, पण जुनी माणसं खासगीत सौदा करताना अजून रुमाल टाकायची. घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने हातात हात द्यायचा, वर रुमाल, आणि खाली बोटं धरून, दाबून, सोडून आकडे सांगायचे. भोवती सगळा बाजार उभा असला तरी भाव कुणाला कळायचा नाही. तोंडाने पावसापाण्याच्या गप्पा, खाली बोटांची झटापट. मला पाढे यायच्या आधी हे आकडे येत होते. आण्णांचे त्यात दोन नियम. "पयला आकडा बोलला त्यो मेला," हा एक. "रुमालाखालचं रुमालाखालीच ऱ्हातंय. बायकूला सुदिक सांगायचं न्हाई," हा दुसरा. त्यावर आई चुलीपासून म्हणायची, "आवं, मला सांगून मी काय लिलाव करनार हाय व्हय?" आण्णा हसायचे, पण सांगायचे नाहीत.

मिलिंद माझ्याबरोबर डिप्लोमाला होता. साताऱ्याच्या वकिलांचा मुलगा, सांगलीत खोली घेऊन राहायचा आणि रविवारी आमच्याकडे भडंग खायला यायचा. तोंडाने फाटका, मनाने मोठा. आईला तो 'मावशी' म्हणायचा आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे करायचा. त्याने मला उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याला नेलं. एसटीतून उतरून त्यांच्या घरात पाय ठेवला तेव्हा मला पहिल्यांदा काय जाणवलं असेल, तर त्या घराला वासच नव्हता. फरशी थंड, पंखा संथ, खिडकीतून अजिंक्यतारा. पुढची खोली वकिलांची कचेरी. कोर्टाला सुट्टी, वकीलसाहेब गावी गेलेले, म्हणून तिथलं मोठं टेबल आणि पक्षकारांच्या तीन खुर्च्या आमच्या ताब्यात. त्या टेबलाच्या पलीकडे, वकिलांच्या खुर्चीत, मिलिंदची बहीण मेधा बसलेली होती.

मेधाताई आमच्यापेक्षा मोठी, गणित घेऊन बी.एस्सी. करत होती. बारीक अंगाची, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा, आणि बोलायची इतकं हळू की आम्हाला ऐकण्यासाठी गप्प बसावं लागायचं. तिच्या परदेशातल्या काकांनी तिला एक जाडजूड पुस्तक पाठवलं होतं. तो एक खेळ होता, पण त्याला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. प्रत्येकाने कागदावर एक माणूस रचायचा. ठरलेले गुण मिळायचे, ते ताकद, नजर, दम, हुशारी यांत वाटायचे, आणि त्यातूनच त्याची हत्यारं घ्यायची. मग मेधाताई पंच म्हणून प्रसंग सांगणार, आणि आपला माणूस काय करतो ते आपण बोलायचं. जमेल का नाही अशी शंका आली तर फासा टाकायचा. बाकी सगळं बोलण्यात. असा खेळ असतो हे मला माहीत नव्हतं. नुसतं बोलून माणूस डोंगर चढतो, जखमी होतो, वाचतो, हे मला इतकं आवडलं की पहिल्या दुपारी मी पन्हं प्यायचं विसरलो आणि ग्लासात मुंगी पडली.

पुस्तकातला मुलूख तिने टाकून दिला होता. ती एकदा लग्नाला जतकडे गेली होती, तिथे टँकरची वाट पाहत घागरींची लांब रांग तिने पाहिली होती, आणि तिने स्वतःचा कोरडा मुलूख आखला. लढाई होऊन गेलेली, सरकार पळालेलं, पाणी फक्त एका किल्ल्याच्या तळ्यात. तिथून एक टँकर भरून, ओसाड माळ आणि एक घाट ओलांडून, तहानलेल्या गावाला पोचवायचा. आम्ही त्या टँकरचे राखणदार. नकाशावर मेंढरांच्या वाटासुद्धा होत्या. मी आजवर बरेच नकाशे पाहिले, जमिनींचे, गोदामांचे, प्लॉटचे. इतका खरा नकाशा दुसरा पाहिला नाही.

खेळायला तिघं: मिलिंद, शेजारचा बापू आणि मी. ज्याचा माणूस मेला किंवा ज्याला बाकीच्यांनी काढला, त्याची खुर्ची दुसऱ्याची. आणि दुसरा तयारच होता. डॉक्टरांचा केदार दिवाळीपासून वाट बघत होता, मी मिलिंदचा पाहुणा म्हणून त्याच्याआधी बसलो होतो; रोज खिडकीत येऊन बसायचा आणि आमची माणसं मरायची वाट बघायचा. मला ती खुर्ची सोडायची नव्हती. त्या टेबलाशी मला कुणी नवरदेव म्हणत नव्हतं. वकिलांची मुलगी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यायची आणि विचारायची, "मग? तुझा माणूस पुढे काय करतो?" तोवर मला 'पुढे काय' असं कुणी विचारलं नव्हतं.

माझ्या माणसाचं नाव दौलत. त्याला मी रचला तेव्हा निम्मे गुण 'सौदा करणे' या एकाच कलेत घातले. मिलिंद आणि बापू खुर्चीवरून पडायचे बाकी होते.

"अरे सुभ्या, लढाईत भाव करणार का तू?" मिलिंद म्हणाला.

"शत्रूला म्हणेल, दोन गोळ्या मारा पण एक कमी लावा," बापू म्हणाला.

"हसा," मी म्हणालो. "माणूस माझा हाय."

मग बंदूक निवडायची वेळ आली. पुस्तकात बंदुकांची रेखाचित्रं होती, खाली बारीक अक्षरांत वजन, पल्ला, एका वेळी किती गोळ्या. मिलिंदने पान उघडताच अमेरिकन एम-सोळावर बोट ठेवलं. काळी, सडपातळ, वर धरायला मूठ. दिसायला एखाद्या परदेशी कॅमेऱ्यासारखी. बापूच्या घरात तीन पिढ्या फौजेत, त्याने एसएलआर घेतली, लांब आणि जड, आपल्या जवानांच्या खांद्यावरची. ती दोघांची निवड पाच मिनिटांत झाली. मला तीन दिवस लागले. मी पानांवर पतंगी कागद ठेवून चित्रं गिरवली आणि आण्णा माल बघतात तसा एकेक माल बघितला. एम-सोळा देखणी खरी, नेमही तिचाच चांगला, पण पुस्तक म्हणत होतं की तिला साफसफाई लागते, आणि आमच्या मुलखात धुळीशिवाय दुसरं काही नव्हतं. एसएलआरची गोळी मोठी, मारा लांबचा, पण ती घेऊन दिवसभर टँकरमागे पळायचं म्हणजे खांद्यावर वासा घेतल्यासारखं. आणि मग तिसरी. लाकडी दस्ता, जाडाभरडा लोखंडी सांगाडा, पुढे वळलेली गोळ्यांची पेटी. एके-४७.

तिच्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं की हिचे भाग मुद्दाम थोडे सैल बसवलेले असतात, त्यामुळे आत धूळ गेली, चिखल गेला, तरी ही चालत राहते. उघडायला सोपी, भाग थोडे, कुणालाही शिकवता येते. ते वाक्य मी मिलिंदकडून दोनदा समजून घेतलं, इंग्रजी माझं कच्चं होतं. घट्ट बसवलेली वस्तू पहिल्या कचऱ्याला अडते आणि सैल बसवलेली निभावून नेते, ही गोष्ट मला फार थोर वाटली. पुढे मी गोदाम बांधलं, वजनकाटे घेतले, माणसं कामाला ठेवली, आणि प्रत्येक वेळी ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. ज्याने ती बंदूक बनवली त्याला लोकांनी तिचं पुढे काय केलं याची किती टोचणी लागली असेल कोण जाणे. पण वस्तू म्हणून ती ज्याला सुचली त्याला मी कारागीर मानतो.

अडचण वेगळीच आली. काकू, म्हणजे मिलिंदची आई, पेढे घेऊन आत आल्या आणि त्यांच्या कानावर नाव पडलं. त्या काळात पेपरातून ते नाव घरोघर पोचलं होतं, आणि चांगल्या कारणाने पोचलं नव्हतं.

"त्या बंदुकीचं नाव माझ्या घरात घ्यायचं नाही," काकू म्हणाल्या. "खेळ असला तरी नाही."

मेधाताईने चित्रातल्या वळलेल्या पेटीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "मग केळं म्हणू या. आई, केळं चालेल?"

काकूंना हसू आवरेना. तेव्हापासून ती बंदूक आमच्यात केळं झाली.

पण केळं महाग होतं. माझे गुण सौद्यात गेलेले. उरलेल्यांत केळं बसायचं, गोळ्या बसायच्या नाहीत. मिलिंद म्हणाला, साधी बारा बोअर घे. मी म्हणालो, केळंच घेणार. मेधाताई म्हणाली, "गोळ्यांचं काय करायचं बोल. नियमाने तुला काहीच मिळत नाही. पण पंच थोडं इकडेतिकडे करू शकतो." मी म्हणालो, चारचौघांत भाव होत नसतो. आणि खांद्यावर आण्णांचा असतो तसा माझ्याही पिशवीत एक रुमाल होता, तो काढून मी त्यांना रुमालाची पद्धत सांगितली. मेधाताईचे डोळे चमकले. तिने बोटांचे आकडे एकदा ऐकले, दुसऱ्यांदा मलाच उलट विचारले, आणि वर म्हणाली, "ठरलेलं कुणालाच सांगायचं नाही ना? सोबत्यांनाही नाही?"

"बायकोला सुद्धा न्हाई," मी म्हणालो. "हा नियम मोडला तर सौदा खोटा."

"मान्य," ती म्हणाली आणि टेबलावर हात पुढे केला. मी हात धरला, वर रुमाल टाकला. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत गंभीरपणे बसलो, आणि काकू पन्ह्याचे ग्लास घेऊन दारात उभ्या राहिल्या.

हळदीच्या बाजारात ज्याकडे कुणी वळून बघणार नाही ते साताऱ्यात वकिलांच्या कचेरीत कसं दिसेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तरणा पोरगा, लग्नाची पोरगी, हातात हात, वर रुमाल.

"मेधा, हे काय चाललंय?"

"बाजार चाललाय, आई. दोन मिनिटं," मेधाताई म्हणाली. हात काढला नाही. मला दरदरून घाम फुटला आणि माझं बोट घाईने हललं. पहिला आकडा मी बोललो. पयला आकडा बोलला त्यो मेला. ती काहीच बोलली नाही, तिचं बोट हललंच नाही. मी आकडा खाली आणला. ती गप्प. काकू दारात, ग्लास तसेच. मी आणखी खाली आलो. तेव्हा तिने माझी बोटं एकदाच, अगदी हलकेच दाबली आणि रुमाल उचलला. आयुष्यात मी एवढा वाईट सौदा पुन्हा केला नाही. नंतर मोठमोठ्या व्यापाऱ्यांशी बसलो, त्यांतले काही माझ्यावर ओरडले, काही पाया पडले. त्या मुलीने नुसतं गप्प राहून मला लुटलं, आणि सौद्यात गप्प राहण्याची ताकद मी तिच्याकडून शिकलो.

"किती मिळाल्या?" बापूने विचारलं.

"भरपूर," मी म्हणालो.

"भाग्यवान आहेस लेका," मिलिंद म्हणाला. मेधाताईने चष्मा वर सरकवला आणि नकाशा उलगडला. काकू मात्र त्या दिवसापासून भाजी निवडायला कचेरीतच येऊन बसू लागल्या.

मे महिन्याच्या शेवटी टँकर घाटावर पोचला. मला ती दुपार अशी आठवते की काकूंच्या ताटलीत गवारीच्या शेंगा मोडल्याचा आवाज येत होता, आणि प्रत्येक आवाजाला माझी मान तिकडे वळत होती. मेधाताई हळू आवाजात सांगत होती. घाटमाथ्यावर दरोडेखोर, त्यांचा नाईक कड्यावरच्या दगडामागे. टँकर उतरेपर्यंत कुणीतरी एकाने खिंडीत थांबून त्यांना रोखायचं, नाहीतर पाणी गेलं, गाव गेलं.

"केळं सुभ्याकडे आहे," मिलिंद लगेच म्हणाला. "तूच थांब. तुझ्याकडे गोळ्या भरपूर. आम्ही टँकर काढतो."

"बरोबर," बापू म्हणाला.

मी मेधाताईकडे पाहिलं. ती नकाशाकडे पाहत होती. माझ्याकडे गोळ्या किती होत्या हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. 'माझ्याकडे गोळ्या नाहीत रे, बापू, तू थांब' एवढं म्हटलं असतं तरी दौलत वाचला असता आणि माझी खुर्चीही. पण मग सौदा खोटा झाला असता, आणि तो नियम तिला मीच सांगितला होता. खिडकीत केदार मान लांब करून बसला होता.

"थांबतो," मी म्हणालो.

दौलतने एकेक गोळी वेगवेगळ्या दगडाआडून मारली, म्हणजे लपलेल्यांना वाटावं की इथे चार जण आहेत. फासे बरे पडले. एक दरोडेखोर जखमी झाला, बाकीचे दबले. पण टँकर अजून अर्ध्या वळणावर होता, आणि मग माझ्या कागदावर, जिथे मी बाकीच्यांना दिसू नये म्हणून हात ठेवून लिहीत होतो तिथे, गोळ्या संपल्या. केळं रिकामं झालं. मेधाताईने माझ्या हाताकडे पाहिलं, म्हणजे तिचीही मोजणी तिथेच आली होती. "नाईक पुढे सरकतोय," ती म्हणाली. "दौलत काय करतो?"

त्या क्षणी मला आण्णांचं एक वाक्य आठवलं. माल हलका असला की तो उघडून दाखवायचा न्हाई, आणि सोडायची घाई करायची न्हाई. झाकून ठिवायचा आन् जास्त मागायचं.

"दौलत वरडतो," मी म्हणालो. "नाईक, बंदूक विकायची हाय! घेतोस का?"

मिलिंद उठून उभा राहिला. "काय?"

"खाली बस," मेधाताई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. आता ती पंच नव्हती, नाईक होती. "कसली बंदूक रं?"

"केळं. बघितलंस न्हवं आत्ता कसं वाजतं त्ये? टँकर उतरू दे, मला वाट दे, बंदूक तुजी."

"गोळ्या किती हायती?"

"गोळ्या मोजून घेनारं गिऱ्हाईक मला चालत न्हाई," मी म्हणालो. "आन् एवढ्यावर बी द्यायची न्हाई. तुज्या अंगावरची घोंगडी पायजे."

"घोंगडी न्हाई मिळायची," नाईक म्हणाला.

"मग ऱ्हाऊ दे."

"बंदुकीपायी टँकर सोडतुय, वर घोंगडी कशाला रं तुला?"

आणि मला खरा राग आला. खोटा नव्हे. माझ्या बंदुकीला कुणी घोंगडीएवढीही किंमत देऊ नये? तीन दिवस लावून निवडलेली बंदूक! मी खुर्ची मागे ढकलून उठलो. "न्हाई द्यायची. मरतो हितंच, पन फुकट न्हाई द्यायची. जा!" मी खरंच दारापर्यंत गेलो. काकूंच्या हातातली शेंग मोडायची राहिली.

"थांब रं गड्या," मागून आवाज आला. "घे घोंगडी."

मी वळलो. हा थापेचा प्रसंग होता, म्हणजे पुस्तकाप्रमाणे इथे फासा टाकायचाच. मी फासा उचलला. मेधाताईने हात आडवा केला. "फासा नको," ती आपल्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. "पटलंय त्याला."

आज वय झाल्यावर सांगतो, माझ्या कामाचं याहून मोठं कौतुक कुणी केलेलं नाही. तिला ठाऊक होतं पेटी रिकामी आहे. पण नाईकला ते ठाऊक नव्हतं, आणि तिने एका डोक्यात दोन माणसं वेगळी ठेवली. स्वतःला माहीत असलेलं एका अक्षराने त्याच्यापर्यंत जाऊ दिलं नाही. मी धंद्यात अशी प्रामाणिक माणसं बोटांवर मोजण्याइतकी पाहिली, आणि त्यांतही दुसऱ्याच्या फसण्यात प्रामाणिक राहणारी ती एकटीच.

टँकर उतरला. गावाला पाणी मिळालं. दौलत खांद्यावर घोंगडी टाकून घाट उतरून आला, आणि टेबलावर भडका उडाला.

"दरोडेखोरांना केळं दिलंस?" मिलिंद ओरडत होता. "भरलेलं केळं? उद्या ते त्याच केळ्याने आम्हाला मारणार!"

"एका घोंगडीसाठी," बापू म्हणाला. फौजेतल्या घरचा तो, त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "शत्रूच्या हातात हत्यार देतोस?"

"टँकर वाचला का न्हाई?" मी म्हणालो.

"गद्दारीने वाचला!"

मी मेधाताईकडे पाहिलं. एक शब्द. 'रिकामं' एवढा एक शब्द तिने उच्चारला असता तर त्या दोघांनी मला खांद्यावर घेऊन शाहू चौकापर्यंत नेलं असतं. मी सांगू शकत नव्हतो, नियम माझाच होता. तीही सांगू शकत नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि तिथे उभं राहणं वेगळं. मिलिंद म्हणाला, याला काढायचा, मत घ्या. दोन मतं माझ्याविरुद्ध पडली. मी म्हणालो, "ताई, तुजं?"

"पंचाला मत नसतं," ती म्हणाली. टेबलावर माझा रुमाल पडला होता. तिने त्याची नीट घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवली.

मी तिन्ही फासे उचलून खिडकीतून बाहेर भिरकावले. त्यातला एक केदारच्या कपाळाला लागला, त्याचं मला काही वाटलं नाही. पिशवी उचलली आणि दुपारच्या एसटीने सांगलीला आलो. आईने विचारलं, "भांडून आलास व्हय?" मी म्हणालो, न्हाई. आण्णांना मात्र सगळं सांगितलं, आकडा सोडून. ते बराच वेळ हसले, मग म्हणाले, "पोरगी बाजारात बसाय पायजे हुती."

मिलिंदची आणि माझी दोस्ती तुटली नाही. त्याला भडंगाशिवाय करमत नव्हतं. पण त्या घरात मी पुन्हा खेळायला बसलो नाही, आणि ती गोष्ट त्याने कधी सोडली नाही. माझी पेढी झाली, बेदाण्याचा व्यवहार वाढला, तासगावात शीतगृह झालं, तरी मिलिंद चारचौघांत माझी ओळख करून देतो ती अशी: "हा सुभाष. यानं दरोडेखोरांना घोंगडीला केळं विकलं." लोक हसतात. मी हसत नाही. इतक्या वर्षांत मी बँकवाल्यांना, बिल्डरांना, सोयऱ्यांना तोंडावर बोललो आहे, पण या एका वाक्याला माझ्याकडे उत्तर असून ते देता येत नव्हतं. सगळ्यात जास्त राग मला मिलिंदचा नाही, ताईचा आहे. तिने बोलायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. आणि ती बोलली असती तर मी तिला इतकं मानलं नसतं, हेही तितकंच खरं आहे. या दोन्ही गोष्टी एका पोत्यात भरून मी तीसएक वर्षं वाहिल्या आहेत.

गेल्या हिवाळ्यात साताऱ्याला मिलिंदच्या मुलीचं लग्न होतं. त्याने जावयापुढे माझी तीच ओळख करून दिली. मी ताट घेतलं आणि जाऊन ताईशेजारच्या खुर्चीत बसलो. ती आता शाळेतून निवृत्त होण्याच्या बेतात आहे, चष्मा तसाच घसरतो. मी म्हणालो, "ताई, मी आठवणी लिहितोय. ते लिहू का?"

तिने पदर सारखा केला, मांडीवरचा हातरुमाल उलगडला आणि आपल्या हातावर टाकला. मी खाली हात दिला. भोवती अक्षता, बँड, पोरांचा दंगा. मांडवात कुणाचं लक्ष नव्हतं. या वेळी मी पहिला बोललो नाही. माझं बोट हललं नाही. ती वाट बघत राहिली, मी वाट बघत राहिलो, वाढपी दोनदा जिलेबी विचारून गेला. शेवटी तिचंच बोट हललं.

"रिकामी होती एवढं लिही," ती म्हणाली. "आकडा नको."

आकडा लिहीत नाही. मिलिंदा, हे प्रकरण छापायच्या आधी तुलाच पाठवतोय. नीट चष्मा लावून वाच. केळं रिकामं होतं, गड्या.